विश्लेषण : पिंपरी-चिंचवडच्या मॉलमधील पाट्या सतत का बदलतात?

आकुर्डीतील जय गणेश संकुलातील सिनेमागृहाला अनेक जण अजूनही 'फेम' म्हणतात. काही जण 'आयनॉक्स' म्हणतात. २०२३ मध्ये आयनॉक्स आणि पीव्हीआर या कंपन्या एक झाल्या, तेव्हा त्याला तिसरे आडनाव मिळाले. इमारत तीच आणि रस्ताही तोच, पण दारावरच्या कंपन्या बदलत गेल्या. चिंचवडच्या प्रीमियर प्लाझामधील 'बिग बझार'ची महाबचतीच्या दिवसांतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर अख्खी साखळीच दिसेनाशी झाल्याचे आठवत असेल. एका बाजूला वाकडला दहा लाख चौरस फुटांहून मोठा मॉल उभा राहतो आणि दुसरीकडे जुन्या मॉलच्या वरच्या मजल्यावर 'भाड्याने देणे आहे'चे फलक लागतात. असे का होते? मॉलमध्ये कोण येतो, कोण जातो, भाडे कसे ठरते आणि गाळा घेणाऱ्या सामान्य माणसाचे काय होते, याचा आढावा.

मॉल येण्याआधी शहराची खरेदी कुठे होत असे?

पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांभोवती वाढलेले शहर आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानावर शेड उभ्या राहू लागल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. त्याच सुमारास टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लघुउद्योगांमुळे राज्यभरातून माणसे इथे आली.

या वस्तीची मोठी बाजारपेठ म्हणजे पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून ही बाजारपेठ उभी राहिली. शगुन चौक, साई चौक आणि आसपासच्या गल्ल्यांत कापड, भांडी, चपला, लग्नाचा बस्ता असे सगळे मिळते. पगार झाला की पिंपरीला जायचे आणि मोठी खरेदी असेल तर पुण्यात लक्ष्मी रोडला, हा कामगार कुटुंबांचा ठरलेला रिवाज होता. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असल्याने बाजाराच्या गर्दीलाही स्वतःचे वेळापत्रक होते. पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराला ग्राहकाचे घर, कंपनी आणि उधारी तिन्ही ठाऊक असत. मॉलची स्पर्धा पहिल्या दिवसापासून या बाजाराशी होती आणि आजही आहे.

मॉलची लाट आली कशी?

महाराष्ट्रात या लाटेची सुरुवात १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीजवळच्या 'क्रॉसरोड्स'ने झाली, असे मानले जाते. तिथे झुंबड इतकी उडाली, की काही काळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यांना थेट आणि बाकीच्यांना शुल्क घेऊन प्रवेश दिला जात होता. आत फिरणारे खूप आणि खरेदी करणारे कमी, हे मॉलचे कायमचे दुखणे त्या पहिल्या मॉलमध्येच दिसले.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली, राज्य सरकारने २००१ मध्ये बहुपडदा सिनेमागृहांना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक करात मोठी सवलत दिली. त्यामुळे एकपडदा चित्रपटगृहांचे मालक आणि बांधकाम व्यावसायिक दोघेही मल्टिप्लेक्सकडे वळले. पिंपरीतले 'विशाल' हे जुने चित्रपटगृह 'विशाल ई-स्क्वेअर' झाले, ते याच प्रवाहात. दुसरी गोष्ट, हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढले. वाकड, पिंपळे सौदागर, रहाटणी ही गावे गृहसंकुलांनी भरली. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १७.२७ लाखांवर गेली. पगाराची स्लिप असलेला, शनिवार-रविवार मोकळा असलेला आणि पार्किंग शोधणारा नवा ग्राहक तयार झाला.

त्याच्यासाठी चिंचवडमध्ये प्रीमियर प्लाझा, मोरवाडीत सिटी वन, रहाटणी-जगताप डेअरी परिसरात स्पॉट १८, भूमकर चौकाकडे व्हिजन वन असे मॉल आले. जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगतचे मॉल कामगारनगरीच्या जुन्या मध्यमवर्गासाठी होते, तर पश्चिमेकडचे आयटीच्या नव्या वर्गासाठी. शहराच्या या दोन भागांत फरक होताच, पुढे तो मॉलच्या नशिबातही उतरला.

कारखान्याच्या जागी दुकाने कशी येतात?

चिंचवडचे एल्प्रो सिटी स्क्वेअर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. एल्प्रो इंटरनॅशनल ही १९६२ मध्ये स्थापन झालेली कंपनी. विजेच्या जाळ्याचे आकाशातील विजेपासून रक्षण करणारी उपकरणे, म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, हा तिचा मूळ व्यवसाय. चिंचवडच्या मोक्याच्या जागेवर तिचा कारखाना होता. पुढे त्याच परिसरात शाळा, कार्यालये आणि मॉल आले. जिथे सायरनवर पाळी बदलायची, तिथे आता आठवड्याच्या शेवटी पार्किंगची रांग लागते.

वाकडच्या 'फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम'च्या नावातही एक गिरणी आहे. 'फिनिक्स मिल्स' ही मूळची मुंबईतील लोअर परळची, १९०५ ची कापड गिरणी. गिरणीच्या जमिनीवर मॉल उभारून ही कंपनी भाड्याच्या धंद्यात आली आणि पुढे पुण्यात विमाननगरला पोहोचली. कॅनडाच्या पेन्शन फंडाची गुंतवणूक संस्था 'सीपीपी इन्व्हेस्टमेंट्स' हिच्या भागीदारीत तिने वाकडचा मॉल बांधला आणि तो सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. थोडक्यात, मॉल सुरू झाला तेव्हा वाकडला कोणी शर्ट घेतला, की त्याच्या किमतीतला काही पैसा कॅनडातल्या निवृत्तांच्या निधीकडे जात होता.

औद्योगिक जमिनीचा वापर बदलण्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. काही भाग सार्वजनिक सुविधांसाठी सोडावा लागतो. कारखाना बंद झालेला असेल, तर कामगारांची कायदेशीर देणी दिल्याचे कामगार आयुक्तालयाचे ना-हरकत पत्रही राज्याच्या विकास नियमावलीत अपेक्षित आहे. ही अट कागदापुरती राहू नये, यात अनेक कुटुंबांचे हित गुंतलेले असते. कारखान्यातील कायम कामगाराची नोकरी आणि मॉलमधील विक्री सहायकाची नोकरी एका मापाने मोजता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन, नोकरीची हमी अशा प्रत्येक बाबतीत त्यांत अंतर आहे.

'अँकर' दुकानाला इतके महत्त्व का?

मॉलमध्ये सगळे भाडेकरू सारखे नसतात. सुपरबझार, मोठे कपड्यांचे दालन आणि सिनेमागृह यांना 'अँकर' म्हणतात. लोक त्यांच्यासाठी मॉलमध्ये येतात. येता-जाता मग छोट्या दुकानात डोकावतात, आइस्क्रीम खातात, मोबाइलचे कव्हर घेतात. म्हणून अँकरला दर चौरस फुटाला कमी भाडे आकारले जाते, छोट्या दुकानाला जास्त आणि मधल्या जागेतल्या टपरीवजा काउंटरला बहुधा सर्वांत जास्त. मोठा भाडेकरू गर्दी आणतो आणि त्या गर्दीची किंमत छोटा भाडेकरू चुकवतो, असा हा व्यवहार आहे.

अँकरची जागाही ठरवून दिलेली असते. सिनेमा सर्वांत वरच्या मजल्यावर असतो, म्हणजे प्रेक्षकाला सगळे मजले ओलांडून जावे लागते. किराणा तळमजल्यावर किंवा तळघरात असतो, म्हणजे ट्रॉली घेऊन पार्किंगपर्यंत जाता येते. फूड कोर्ट सिनेमाजवळ असतो. त्यामुळे वरचा सिनेमा बंद पडला, की आधी फूड कोर्ट ओस पडतो, मग मधल्या मजल्यांवरचे कपडेवाले भाडे कमी करून मागतात आणि शेवटी सरकते जिने बंद ठेवून विजेचे बिल वाचवायची वेळ येते. मॉल मरतो तो बहुतेक वेळा वरून खाली.

दुकानदाराला भाडे नेमके किती पडते?

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, कपड्यांच्या दुकानाचे प्रत्यक्ष चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे. मॉलमधली मोकळी जागा, जिने, स्वच्छतागृहे यांचा वाटा मिळवून करारात १००० चौरस फूट धरले जातात. दर १०० रुपये असेल, तर किमान भाडे महिना १ लाख रुपये. शिवाय सामाईक देखभाल शुल्क २० रुपये दराने २० हजार. या १ लाख २० हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१ हजार ६०० रुपये. दुकानाची वीज वेगळी.

करारात बहुधा आणखी एक कलम असते. किमान भाडे किंवा विक्रीचा ठरावीक वाटा, यांपैकी जे जास्त असेल ते द्यायचे. वाटा १२ टक्के धरला, तर महिन्याला १२ लाखांची विक्री झाल्यास भाडे १ लाख ४४ हजार होते. चांगले दिवस आले, की मालक नफ्यात भागीदार. पण विक्री ६ लाखांवर घसरली, तर वाटा ७२ हजार निघत असला तरी किमान भाड्याचे १ लाख द्यावेच लागतात. देखभाल शुल्क धरून हा खर्च विक्रीच्या २० टक्के होतो. कपड्यांवर ३५ टक्के नफा सुटत असेल, तर हाती आलेल्या २ लाख १० हजारांतून १ लाख २० हजार जागेचेच जातात. उरलेल्या ९० हजारांत तीन-चार जणांचे पगार, वीज, न खपलेला माल आणि कर्जाचा हप्ता. तोटा कुठून सुरू होतो, ते इथे दिसते.

खाद्यपदार्थांच्या स्टॉलची अडचण आणखी वेगळी आहे. कपड्यांच्या दुकानदाराला भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. ५ टक्के दराने जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहांना ती मिळत नाही. त्यामुळे भाड्यावरचा कर त्यांच्यासाठी निव्वळ खर्च ठरतो. फूड कोर्टमधला मिसळवाला बाहेरच्या गाडीच्या दरात मिसळ का देऊ शकत नाही, त्याचे हे एक कारण.

बिग बझार कुठे गेले?

किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहाने २००१ मध्ये 'बिग बझार' सुरू केले. पुढच्या दीड दशकात देशातल्या असंख्य मॉलचा तो मुख्य अँकर झाला. बाजारासारखा गजबजाट, पण वातानुकूलित, हे त्याचे सूत्र मध्यमवर्गाला भावले. मात्र विस्तार मोठ्या प्रमाणात कर्जावर आणि भाड्याच्या जागांत झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली आणि देणी साचत गेली.

ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने समूहाचा किरकोळ विक्री व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये समूहातील एका कंपनीत गुंतवणूक केलेल्या अॅमेझॉनने त्याला आक्षेप घेतला. सिंगापूरमधील लवाद ते सर्वोच्च न्यायालय असा संघर्ष सुरू झाला. दरम्यान अनेक जागामालकांचे भाडे थकले. त्यांनी रिलायन्सशी नवे करार केले आणि रिलायन्सने त्या जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने हे पोटकरार संपवून शेकडो दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. एप्रिलमध्ये बँकांनी व्यवहाराच्या विरोधात मत दिल्याने तो बारगळला. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

वीस वर्षे घराघरांत पोहोचलेले नाव अशा रीतीने पुसले गेले. रिलायन्सने ताब्यात घेतलेल्या अनेक जागांवर 'स्मार्ट बझार' आले. या लढाईचा निकाल न्यायालयात लागण्याआधी भाडेकरारावर लागला, हा यातला धडा. दुकान कोणाचे, यापेक्षा जागेचा करार कोणाच्या नावावर, हे निर्णायक ठरले.

याउलट उदाहरण 'डी-मार्ट'चे. २००२ मध्ये पवईत पहिले दालन उघडणाऱ्या या साखळीने शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान, असे धोरण ठेवले. पिंपरी-चिंचवडमध्येही तिची दालने बहुतेक मॉलबाहेर, स्वतंत्र इमारतीत आहेत. भाडे नाही, सिनेमा नाही, झगमगाट नाही. विस्तार सावकाश होतो, पण घरमालकाशी वाद होऊन पाटी उतरवायची वेळ क्वचितच येते.

सिनेमागृहांची नावे इतक्यांदा का बदलली?

कारण या धंद्यात मोठे मासे छोट्यांना गिळत गेले. आयनॉक्सने २०१० पासून 'फेम' ताब्यात घेतले. अॅडलॅब्सचे 'बिग सिनेमाज' झाले आणि २०१४ च्या अखेरीस ते 'कार्निव्हल'कडे गेले. चिंचवडच्या प्रेक्षकांनी हे बदल तिकिटावर पाहिले. करोनाकाळात कार्निव्हलचे अनेक पडदे बंद पडले. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाले आणि त्याच वर्षी या कंपनीने तोट्यातले सुमारे ५० पडदे बंद करण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात करोनाचा फटका दीर्घ होता. मार्च २०२० मध्ये बंद झालेले मॉल ५ ऑगस्ट २०२० पासून उघडले, पण सिनेमागृहे नोव्हेंबरपर्यंत बंदच होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा टाळे लागले. स्वातंत्र्यदिनापासून दोन मात्रा घेतलेल्यांना मॉल खुले झाले आणि सिनेमागृहे २२ ऑक्टोबरला. म्हणजे दीड वर्षातला बहुतांश काळ मॉलचा वरचा मजला अंधारात होता. एकदा मोबाइलवर सिनेमा पाहायची सवय लागलेला प्रेक्षक पूर्वीसारखा दर आठवड्याला परतला नाही.

गाळे विकलेले मॉल लवकर का मोडकळीस येतात?

मॉलचे दोन प्रकार असतात. एकात पूर्ण इमारत एका कंपनीची असते आणि ती गाळे फक्त भाड्याने देते. फिनिक्स या प्रकारातला. दुसऱ्यात बांधकाम व्यावसायिक गाळे सुटे विकतो, पैसे घेतो आणि बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारात मागे राहतात ते शंभर-दोनशे मालक. निवृत्तीची रक्कम घातलेले शिक्षक, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार, परगावी राहणारा गुंतवणूकदार. प्रत्येकाला चालू महिन्याचे भाडे हवे असते. पूर्ण मजल्याचा विचार करणारा कोणी नसतो.

एखाद्या मोठ्या साखळीला दहा हजार चौरस फूट हवे असतील, तर वीस मालकांच्या सह्या लागतात. एकाने अडवले की व्यवहार फिसकटतो. एक गाळा दागिन्यांचा, शेजारी क्लास, त्याच्या शेजारी वित्तसंस्था आणि मधले तीन बंद. देखभाल शुल्क थकते, मग वातानुकूलन बंद, मग लिफ्ट. अखेर अग्निशमन यंत्रणेची देखभालही टाळली जाते आणि तिथून प्रश्न जिवावर येतो.

मुंबईत भांडुपच्या 'ड्रीम्स' मॉलमध्ये हे दिसले. गाळे सुटे विकलेला हा मॉल व्यवस्थापनाच्या वादात अडकून प्रशासकाच्या ताब्यात होता. ग्राहक आटले होते आणि वरच्या मजल्यावर रुग्णालय सुरू झाले होते. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि उपचार घेणाऱ्या रुग्णांचे बळी गेले. रिकाम्या मॉलमध्ये नवा वापर आणताना परवानगी आणि अग्निसुरक्षा पहिल्यापासून तपासणे का गरजेचे आहे, हे त्या रात्रीने दाखवले.

न चाललेल्या मॉलचे पुढे काय होते?

पुणे परिसरात याची दोन चांगली उदाहरणे आहेत. नगर रस्त्यावर २०११ मध्ये सुरू झालेला 'इनऑर्बिट' मॉल काही वर्षांतच बंद झाला. मालकाने इमारत पाडली नाही. तिचे कार्यालयांत रूपांतर केले आणि 'द स्क्वेअर' या नावाने ती आज 'माइंडस्पेस' या स्थावर मालमत्ता गुंतवणूक ट्रस्टचा भाग आहे. येरवड्यात दीपक फर्टिलायझर्सने उभारलेला 'इशान्या' हा केवळ घरसजावटीला वाहिलेला मॉल होता. तो पुढे 'क्रिएटिसिटी' झाला. फर्निचरसोबत खाणे-पिणे, कार्यक्रम आणि लोक थांबतील अशा जागा आल्या. दोन्ही ठिकाणी मालक एकच होता, म्हणून निर्णय घेता आला.

मुंबईच्या 'क्रॉसरोड्स'ला मात्र ते जमले नाही. तो फ्यूचर समूहाकडे जाऊन 'सोबो सेंट्रल' झाला, ओस पडला आणि २०२४ मध्ये कर्जवसुलीतून सुमारे ४७६ कोटी रुपयांना विकला गेला. पंचवीस वर्षांत पहिल्या मॉलचे वर्तुळ पूर्ण झाले.

पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात जुन्या मॉलची जागा घेणारे भाडेकरू साधारण ओळखीचे असतात. व्यायामशाळा, मुलांचे खेळघर, दंतवैद्यक आणि तपासणी केंद्रे, स्पर्धा परीक्षा व प्रवेश परीक्षांचे क्लास, सामाईक कार्यालये, स्वस्त कपड्यांच्या नव्या साखळ्या. टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीची 'झुडिओ' ही या शेवटच्या प्रकारातली. ऑनलाइन मिळत नाही ते, म्हणजे सेवा, शिकवणी, व्यायाम आणि अंगाला लावून पाहण्याजोगा स्वस्त कपडा, असे हे नवे सूत्र आहे.

फिनिक्स आणि मेट्रोमुळे जुन्या मॉलचे काय होईल?

मोठ्या मॉलचा ओढा मोठा असतो. महागडे ब्रँड एका शहरभागात एकच दालन ठेवतात आणि ते नव्या, मोठ्या मॉलमध्ये नेतात. त्यामुळे मधल्या आकाराच्या मॉलपुढे दोन पर्याय उरतात. एक, ब्रँडचा नाद सोडून शेजारच्या वस्तीची रोजची गरज भागवणे. किराणा, औषधे, केशकर्तन, मुलांचे क्लास. दुसरा, सिनेमा आणि खाणे यांवर भर देऊन संध्याकाळ धरून ठेवणे. दोन्हींच्या मधे लटकणाऱ्यांची पडझड आधी होते.

मेट्रोचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी, ऑगस्ट २०२३ मध्ये शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मार्ग सुरू झाला. मोरवाडीतल्या मॉलच्या जवळ महापालिका भवनाचे स्थानक आले, हा फायदा. पण त्याच गाडीने पिंपरीकर थेट मंडई स्थानकावर उतरून लक्ष्मी रोडला पोहोचतो, हेही खरे. निगडीपर्यंतचा विस्तार पूर्ण झाल्यावर चिंचवड आणि आकुर्डीलाही हेच लागू होईल. स्थानक दाराशी आले म्हणून दुकान चालेलच असे नाही. उतरणाऱ्याला आत यायचे कारण लागते.

चाकणच्या कामगाराला मॉल कितपत लागतो?

बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र यांच्या प्रकल्पांमुळे चाकण देशाच्या वाहन उद्योगाचे केंद्र झाले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीच्या खोल्यांत राहणारा तरुण मोठ्या संख्येने कंत्राटी आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेला. खोलीभाडे, मेस आणि गावी पाठवायचे पैसे गेल्यावर त्याच्याकडे जे उरते, ते चाकणच्या बाजारात, रस्त्याकडेच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या खरेदीत जाते. लोकसंख्या आहे म्हणून मॉल चालेल, हे गणित इथे थांबते. मॉलला डोकी नव्हे, घरखर्चातून उरलेला पैसा आणि मोकळी संध्याकाळ लागते. पाळीत काम करणाऱ्याकडे दोन्ही कमी असतात.

गाळा विकत किंवा भाड्याने घेताना काय पाहावे?

विकत घेणाऱ्याने आधी प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासावी. २०१७ पासून हा कायदा दुकानांच्या विक्रीलाही लागू आहे. किंमत चटई क्षेत्रावर मोजावी. 'इतके वर्षे ठरलेला परतावा' असे आश्वासन मिळाले, तर तो कोण देणार, कोणत्या करारात लिहिले आहे आणि ती मुदत संपल्यावर खरे भाडे किती असेल, हे विचारावे. त्या मजल्यावरचे किती गाळे विकलेले आहेत आणि किती प्रत्यक्ष उघडे आहेत, हे रविवारी नव्हे तर मंगळवारी दुपारी जाऊन मोजावे.

भाड्याने घेणाऱ्याने करार नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. हा कायदा एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून संरक्षण देत नाही. त्यामुळे बड्या कंपनीला जागा देताना मालक निर्धास्त असतो आणि छोट्या व्यापाऱ्याशी ठरावीक मुदतीचे लिव्ह अँड लायसन्स करतो. मुदतीआधी सोडता न येण्याचा काळ किती, सजावटीचा खर्च तेवढ्या काळात वसूल होईल का, देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढेल, हे मुद्दे दरापेक्षा महत्त्वाचे आहेत. सर्वांत उपयोगी कलम असे : मुख्य अँकर बंद पडला, तर भाडे कमी होईल किंवा दंडाशिवाय बाहेर पडता येईल. मोठ्या साखळ्या ते मागून घेतात. छोटे दुकानदार बहुधा विचारतही नाहीत.

मॉलमध्ये काम करणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, पण प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुटी मिळालीच पाहिजे. ब्रँड बदलला, कंपनी विकली गेली, तर नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हेच हातात राहते. ती कागदपत्रे जपून ठेवावीत.

पुढच्या वेळी एखाद्या मॉलमध्ये जाल, तेव्हा तळमजल्याच्या झगमगाटापेक्षा वरच्या मजल्यावरचे दिवे पाहा. सरकता जिना चालू आहे का, स्वच्छतागृह नीट आहे का, आपत्कालीन दरवाजासमोर माल रचलेला आहे का. दुकानाच्या पाट्या बदलणे हा बाजाराचा नियमच आहे. पिंपरी कॅम्पातही दुकाने बदलतात, फक्त तिथे मालक बहुधा गल्ल्यावर बसलेला असतो आणि त्याला पुढच्या महिन्याची काळजी असते. मॉलमध्ये ती काळजी कोण करतो, यावरच त्याचे आयुष्य ठरते.